सिमुर्ग उर्फ श्री. मुर्ग

माझं मानपत्र कोंबडीच्या दुकानात गेलं आणि तिथून ही सगळी नसती उठाठेव सुरू झाली.

मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे इतरांनी लिहिलेलं, इतरांनी जुळवलेलं आणि बहुधा पुढे कोणीच वाचणार नाही असं जे काही छापलं जातं, ते छापण्याआधी मी वाचतो आणि त्यातल्या चुका काढतो. या कामाला सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करणाऱ्या माणसाचं घरात काय होतं, ते माझ्या बायकोला विचारावं. ती सांगते की मी तिचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही, आणि चुकून झालंच तर त्याचं क्रियापद बदलून तिला परत करतो.

तर पंचवीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दलचं मानपत्र छापखान्यानं एक वर्ष उशिरा पाठवलं, आणि टपालवाल्यानं ते पलीकडच्या गल्लीतल्या कोंबडीवाल्याला दिलं. त्याचाही दोष नव्हता. आमच्या इमारतीला नाव नाही. मुख्य दाराच्या कमानीवर प्लास्टरचा एक भलामोठा पक्षी आहे, पंख पसरलेला, शेपटीचा तुकडा पडलेला. त्याला सगळं गाव कोंबडी म्हणतं. रिक्षावाल्याला ‘कोंबडी’ सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. छापखान्यातल्या कारकुनानं पत्त्यात तेवढंच लिहिलं आणि टपालवाला नवा होता.

कोंबडीवाल्यानं हात स्वच्छ पुसून मानपत्र माझ्या हातात दिलं. मग जरा संकोचून म्हणाला, “साहेब, ‘मुद्रित’मधली ‘द्रि’ दीर्घ पडलीय.”

मी पाहिलं. पडली होती. मुद्रितशोधकाच्या मानपत्रात ‘मुद्रीतशोधक’, आणि ते माझ्याआधी वाचून त्यातली चूक काढणारा माणूस गल्ल्यावर पिसं झटकत उभा. मी त्याचे आभार मानले. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

त्याच आठवड्यात नगरपालिकेची नोटीस आली की दारावरचं प्लास्टर सैल झालं आहे, कोणाच्या तरी डोक्यात पडेल, तेव्हा पंधरा दिवसांत काय ते करा. रविवारी सकाळी जिन्याखाली सभा भरली. आमचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत. त्यांचा दवाखाना तळमजल्यावर आहे आणि पेशंटांनी ‘कोंबडीचे डॉक्टर’ म्हणावं हे त्यांना वर्षानुवर्षं सलतं. पक्षी फोडून टाकावा, तिथे दिव्यांची पाटी लावावी आणि इमारतीचं नाव ‘सुहास्य’ ठेवावं, असा ठराव त्यांनी मांडला. नावाला कोणाचा विरोध नव्हता, पण उत्साहही दिसला नाही. मी उभा राहिलो. मला उभं राहायचं काही कारण नव्हतं, मानपत्र अजून ताजं होतं एवढंच. मी म्हणालो की नाव बाहेरून चिकटवायचं नसतं, ते त्या पक्ष्यातूनच निघालं पाहिजे, आणि तो पक्षी कोंबडी नाही एवढं तर कोणीही सांगेल.

मग काय आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

इथे सभेचा तास गेला. कोणी मोर म्हणालं. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की त्याचं तोंड नीट पाहिलं तर कुत्र्याचं आहे, आणि आम्ही सगळे चपला घालून रस्त्यावर जाऊन वर पाहून आलो. तोंड खरंच कुत्र्याचं होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला चोच तुटलेली कोंबडी समजत होतो. शेवटी असं ठरलं की मी योग्य नाव शोधावं, त्याची नोंदणी करून आणावी, आणि मुदतीत हे झालं नाही तर सुहास्य. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” बायकोनं जिना चढताना विचारलं. या प्रश्नाचं क्रियापद मी बदललं नाही.

इमारत बांधल्यापासून राहणारं एकच माणूस आमच्याकडे उरलं होतं, दाराच्या बरोबर वरच्या खोलीतल्या दुभाषीबाई. न्यायालयात तीस वर्षं त्यांनी एकाचं खोटं दुसऱ्याच्या भाषेत जसंच्या तसं नेऊन पोचवलं. निवृत्त झाल्यावर बाई बोलायच्याच थांबल्या. जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या. त्यांना पाच भाषा येतात आणि त्यातली एकही आपल्यासाठी नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी दार वाजवलं तेव्हा मनात वाक्य जुळवूनच ठेवलं होतं.

त्यांनी मला बसवलं, माझं वाक्य ऐकून घेतलं आणि विचारलं की पक्ष्याचे पाय पाहिले का. मी म्हटलं, कुत्र्याचं तोंड पाहिलं. “पाय सिंहाचे आहेत,” त्या म्हणाल्या. “शेपटी मोराची. तो सिमुर्ग आहे. चाळीस वर्षांत विचारायला आलेले तुम्ही पहिले.”

मी वही काढली आणि विचारलं, सि ह्रस्व की दीर्घ.

त्या हसल्या. मग त्या जे बोलायला लागल्या ते दीड तास थांबल्या नाहीत. तो पक्षी इतका जुना आहे की त्यानं जगाचा नाश तीनदा पाहिला, असं जुने लोक सांगत. हे मी लिहून घेतलं. पण माझी पेन्सिल थांबली ती त्यानंतर. इराणच्या सगळ्यात जुन्या भाषेत त्याला ‘मरेघो सएनो’ म्हणत, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते दोनदा म्हणायला लावलं. मरेघ. सएन. मग विचारलं की काही ओळखीचं वाटतं का. मला काही वाटेना. तेव्हा त्यांनी माझ्या वहीत माझ्याच पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले: मृग, श्येन.

मृग म्हणजे हरीण, श्येन म्हणजे बहिरी ससाण्यासारखा शिकारी पक्षी, एवढं मलाही येतं. पण फार पूर्वी मृग म्हणजे नुसतं हरीण नव्हे, कुठलाही रानातला जीव, असं बाई म्हणाल्या. इकडचा मृग आणि तिकडचा मरेघ ही सख्खी भावंडं. एक घरात राहून हरीण झालं, दुसरं परदेशी जाऊन पक्षी झालं. श्येन आणि सएनचंही तेच. शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात घोळून त्या दोन शब्दांचं ‘सेनमुर्व’ झालं, मग ‘सिमुर्ग’. मूळ कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. फारसीत ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी, म्हणून लोक सांगू लागले की हा तीस पक्ष्यांएवढा मोठा. डोंगरांपलीकडे आर्मेनियन लोकांनी त्याचं ‘सिरामार्ग’ केलं, आणि आज त्यांच्याकडे तो शब्द साध्या मोराला वापरतात. कुर्द लोकांत तो ‘सिमिर’ झाला. गवताळ मैदानांतल्या घोडेवाल्यांनी त्याचं ‘समुरुक’ केलं. आणि मुर्ग एकटाच आमच्याकडे परत आला तो हॉटेलच्या यादीत कोंबडी होऊन.

“आपला शहामृगसुद्धा,” त्या म्हणाल्या, “हरीण नव्हे. तो मुर्गच असावा, असं मला वाटतं. तुमच्यासारख्या कोणीतरी दुरुस्त केलेला.”

मी सव्वीस वर्षांत ‘शहामृग’ हा शब्द किती वेळा तपासला असेल. त्याला पिसं आहेत आणि नावात हरीण आहे, याचं मला एकदाही नवल वाटलं नव्हतं. काना, मात्रा बरोबर आहेत ना, मग पुढचा शब्द. मी जरा रागावूनच बाईंना विचारलं की एवढा ध चा मा होत गेला, तर एकाही माणसानं मूळ शब्द पाहून तो सुधारला कसा नाही.

“सुधारत बसले असते तर तो कुठे गेलाच नसता,” त्या म्हणाल्या. “लोकांनी ऐकला तसा नेला.”

मी घरी न जाता जिन्यात बसलो. पायरीवर बसून ‘मरेघो सएनो’ असं हळूच म्हणून पाहिलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोणत्या तरी माणसानं आकाशाकडे बोट करून काढलेला आवाज माझ्या तोंडातून निघत होता, आणि मी घरातल्या पायजम्यावर होतो. समोरून काकू भाजी घेऊन चढत आल्या, बरं वाटत नाही का म्हणून त्यांनी विचारलं. बरं वाटत होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

इथून पुढे नोंदणी कार्यालय. तिथे इमारतीच्या नावाचा अर्ज असतो आणि त्यात एक रकाना असतो: नाव व्यक्तीचं आहे काय. मी ‘नाही’ लिहिलं. कारकुनानं विचारलं, मग कशाचं. मी म्हटलं, पक्ष्याचं. पशुपक्ष्यांचं नाव असेल तर पशुसंवर्धन खात्याचा ना हरकत दाखला लागतो, हा नियम त्यानं मला तळाच्या बारीक टायपात दाखवला. तो टाइप आमच्याच छापखान्याचा होता. त्याचं मुद्रितशोधन मीच केलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

पशुसंवर्धन खात्यातल्या साहेबांनी प्रेमानं बसवून घेतलं. जात देशी की संकरित, असं विचारलं. मी म्हटलं, दंतकथेतली. त्यांनी ‘इतर’ या रकान्यात खूण केली. वर्षाला अंडी किती, हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. जगाचा नाश तीनदा पाहिलेल्या पक्ष्यापुढे मी शून्य लिहिलं. लिहिताना मला खरोखर वाईट वाटलं.

दाखला मिळाला, अर्ज गेला, आणि सहाव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. त्यावर इमारतीचं नाव होतं ‘श्री. मुर्ग’. कारकुनाला ‘सि’ हे ‘श्री’चं चुकलेलं रूप वाटलं होतं आणि त्यानं, अगदी माझ्याच वृत्तीनं, ते दुरुस्त केलं होतं. खाली शेरा होता की व्यक्तीचं नाव असल्यामुळे वारसांची संमती जोडावी. मी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि अक्षर न् अक्षर सुटं करून लिहिलं. चार दिवसांनी दुसरं प्रमाणपत्र आलं. आता नाव होतं ‘सीमामार्ग’. कारकून अभिमानानं म्हणाला की यालाच तरी काही अर्थ आहे.

बायकोनं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. म्हणाली, “या कारकुनाला नाव बिघडवायला पगार मिळतो. त्या घोडेवाल्यांनी फुकट केलं.” इतके दिवस जेवताना मी जे सांगत होतो ते ती ऐकत होती तर.

पंधरावा दिवस उजाडला. तिसरा अर्ज देऊन दुपारी परत येतो तर दारापुढे परांची उभी. डॉक्टरांनी ठेकेदाराला बोलावलं होतं आणि ठेकेदारानं गवंडी पाठवला होता. गवंडी दूरदेशचा, कामासाठी आलेला, आमची भाषा अजिबात न येणारा. तो पक्ष्यासमोर फळीवर बसला होता, मांडीवर हातोडा.

मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि खुर्चीवर चढूनही दिवा बदलत नाही. पण त्या क्षणी बॅग खांद्याला तशीच ठेवून मी परांचीवर चढलो. वर पोचल्यावर खाली पाहिलं ही चूक झाली. मी एका हातानं बांबू धरला, दुसऱ्यानं दोन्ही प्रमाणपत्रं पुढे केली आणि थांबा, थांबा, असं ओरडलो.

गवंडी माझ्याकडे वळला. त्याचे डोळे ओले होते. तो पक्ष्याकडे बोट करून एकच शब्द म्हणाला. मला ‘समोर’ एवढंच ऐकू आलं, म्हणून मी जीव मुठीत धरून आणखी एक पाऊल समोर सरकलो. त्यानं घाईनं माझा दंड धरला, मला खाली बसवलं आणि पुन्हा हळू म्हणाला,

“समुरुक.”

हा शब्द माझ्या वहीत होता. घोडेवाल्यांचा. तो वहीबाहेर, माणसाच्या तोंडात असू शकतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “सिमुर्ग.”

त्यानं ऐकलं, मान हलवली आणि माझे दोन्ही हात धरले. आम्हाला एकमेकांचा दुसरा एकही शब्द येत नव्हता. तेवढा एकच होता, आणि तोही दोघांचा वेगळा. सकाळपासून त्यानं एक टवकाही काढला नव्हता. ओल्या फडक्यानं पक्ष्याचं तोंड पुसत बसला होता, आणि चाळीस वर्षांच्या धुळीखालून डोळा उघडा झाला होता.

तेवढ्यात डोक्यावरची खिडकी उघडली. दुभाषीबाई बाहेर वाकल्या आणि त्याच्याशी कुठल्याशा तिसऱ्याच भाषेत बोलल्या. ती त्याच्या देशातल्या कचेऱ्यांत चालणारी भाषा होती. न्यायालय सुटल्यापासून त्यांनी ती उच्चारली नव्हती, हे त्यांनी मागाहून सांगितलं. आधी त्यांचा आवाज अडखळला, मग मोकळा झाला. गवंडी जे म्हणाला ते त्यांनी खाली जमलेल्या सगळ्यांसाठी, साक्ष सांगावी तसं शब्दशः सांगितलं: “माझ्या आजीनं मला या पक्ष्याच्या गोष्टी सांगून वाढवलं. मी याच्यावर हातोडा उचलणार नाही. मला आठ दिवस द्या, मी याला पक्का करून देतो.”

डॉक्टर खालून म्हणाले की प्रश्न भावनेचा नाही, नोटिशीचा आहे. नोटीस त्यांच्या हातातच होती. मी ती वर मागवली. फळीवर बसून, बांबूला एक हात गुंडाळून, मी ती वाचली, जशी ती आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती. “सैल झालेला भाग काढून टाकावा वा पक्का करून घ्यावा.” ‘वा’ हे एकच अक्षर. मी ते मोठ्यानं तीनदा वाचलं. माझ्या आयुष्यात माझं वाचन ऐकायला एवढी माणसं कधी जमली नव्हती.

पुढचे आठ दिवस इमारतीत कोणाचंच दुसऱ्या कशात लक्ष नव्हतं. गवंड्यानं आतून लोखंडी सळया घातल्या, चुना मळला, शेपटीचं एकेक पीस थापीच्या टोकानं पुन्हा उभं केलं. डॉक्टर दोन दिवस रुसून होते. तिसऱ्या दिवशी गवंडी जबड्याला दात बसवताना त्यांनी रस्त्यावरून पाहिलं आणि त्यांना राहवेना. सुळे उलटे लागत आहेत, असं त्यांनी वर ओरडून सांगितलं. ते कोणी भाषांतरित करायच्या आत ते स्वतः पांढऱ्या कोटासह वर चढले. कुत्र्याला बेचाळीस दात असतात, हे त्यांनी आम्हाला ऐकवलं, आणि पेशंट खुर्चीत ठेवून दवाखान्यात प्लास्टरचे दात ओतून आणले. सुहास्यचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एक पेशंट म्हणे तोंड उघडं ठेवूनच परांचीखाली येऊन उभा राहिला होता.

दुभाषीबाई रोज खिडकीत बसून बोलत. गवंड्याशी एका भाषेत, आमच्याशी दुसऱ्या. काकू त्यांना चहा नेऊन देत आणि तासभर परत येत नसत. पक्ष्याला काकू ‘शिमूर’ म्हणत, डॉक्टर ‘सिमर्ग’, समोरचा इस्त्रीवाला ‘समरुख’. पहिल्या दिवशी मी तिघांनाही सुधारलं. चौथ्या दिवशी थकलो. सहाव्या दिवशी लक्षात आलं की मी कान देऊन ऐकतोय.

शेवटच्या दिवशी परांची उतरली. पंख, पंजे, शेपटी, सगळं उन्हात पांढरं लखलखत होतं, आणि बेचाळीस दात. रस्त्यावर सगळी गल्ली जमली होती. गवंड्यानं पंजांखाली ओल्या गिलाव्याची एक पट्टी नावासाठी सोडली होती. त्यानं शिडी लावून माझ्या हातात खिळा दिला. अक्षरं मीच कोरायची, कारण मी शिकलेला.

त्याआधी त्यानं आजीला फोन लावला आणि तिला दिसावं म्हणून तो वर धरला. पडद्यावर एक अतिशय म्हातारी बाई होती, तोंडात एकही दात नसलेली. तिनं बराच वेळ पाहिलं. मग ती जे म्हणाली ते नातवानं कचेरीच्या भाषेत सांगितलं आणि दुभाषीबाईंनी आमच्या.

“त्या म्हणतात, हा पक्षी आमच्याकडे दुसऱ्या मुलखातून आला. नावही तिकडचंच. येता येता ते बिघडलं असेल, आम्ही साधी माणसं. तुमच्याकडे शिकलेले लोक आहेत, त्यांना विचार, त्याचं खरं नाव काय?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मुद्रितशोधक मीच. मरेघो सएनो माझ्या ओठांवर होतं. सेनमुर्व होतं, श्येन होता, मृग होता, कोणत्या शब्दाचा काय झाला हे मला तोंडपाठ होतं. आजी पडद्यात डोळे बारीक करून वाट पाहत होती.

“त्या काय म्हणतात त्याला?” मी विचारलं.

प्रश्न तीन भाषांतून गेला. आजीनं सांगितलं. दात नसल्यामुळे ‘स’ची नुसती हवाच आली, आणि शेवटचा ‘क’ घशात राहिला.

“त्यांना सांगा,” मी म्हणालो, “त्यांचं बरोबर आहे.”

गिलावा सुकायला लागला होता. मी शिडी चढलो आणि कानावर पडलं होतं तसं लिहिलं.